मोजा

बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी ‘मोजा’ म्हटलं की त्याचं बोट आपोआप ओल्या स्पंजकडे जातं. त्यामुळे गेल्या श्रावणात अमेरिकेहून आलेल्या आमच्या ताईने बॅग उघडता उघडता, “तो मोजा आधी नीट बाजूला ठेव हं,” असं म्हटलं, तेव्हा मी सवयीने विचारलं, “कितीच्या आहेत?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या हिच्याकडे पाहिलं. दोघींनी मिळून एक उसासा टाकला आणि बॅगेतून एक चपटं पाकीट बाहेर आलं. पाकिटावर चित्र होतं : हातभर लांबीचा लाल मोजा, त्यावर बर्फ, बर्फाचा माणूस, एक घर आणि लाल नाकाचं एक हरीण. आत मात्र मोजाबिजा काही नव्हता. फेल्टचे छापील तुकडे, रंगीत दोऱ्याच्या लडी, टिकल्या, मणी, सुया आणि सूचनांचा एक लांबलचक कागद. मोजा आपण करायचा. म्हणजे पगार झाला म्हणून सांगावं आणि हातात कोरा कागद न्‌ शाईची बाटली द्यावी, त्यातला प्रकार.

भानगड अशी होती. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता तीस वर्षं उलटली. तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाच्याने, पेनसिल्व्हानियातल्या एका मुलीशी लग्न केलं. आपल्याकडे विहीणबाई म्हटलं की मानपान, रुखवत आणि पंगतीतला रुसवा आठवतो. ताईच्या या विहीणबाई रुसत नाहीत. त्या मोजे शिवतात. घरात कुणी जन्मलं की एक मोजा, कुणी लग्न होऊन आलं की एक मोजा. वर ज्याचं त्याचं नाव. २४ डिसेंबरच्या रात्री हे सगळे मोजे शेकोटीच्या वरच्या फळीला ओळीने टांगायचे आणि सकाळी ज्याने त्याने आपापल्या मोज्यात हात घालायचा. गेली चाळीस वर्षं हे चाललं आहे. भाच्याच्या लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात ताई न्‌ भावजी तिथे गेले, तर फळीवर या दोघांच्याही नावाचे मोजे! ताई म्हणते, “नागरिकत्वाचा कागद मिळाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मात्र मला बसावं लागलं.”

आता या घरात नात जन्मली आहे. आणि नेमका विहीणबाईंच्या बोटांना संधिवात धरला. सुई हातात ठरत नाही. तेव्हा त्यांनी ताईला सांगितलं, हिचा मोजा दुसऱ्या आजीने करावा. ताईला शर्टाचं बटण लावता येत नाही. तरी ती ‘हो’ म्हणाली. न येणाऱ्या कामाला ‘हो’ म्हणणं ही आमच्या घराण्याची परंपराच आहे. मी बी. कॉम. झालो तो त्यातूनच.

“पहिलंच काम सांगितलंय रे त्यांनी,” ताई म्हणाली आणि आशेने आमच्या हिच्याकडे पाहू लागली.

ही म्हणाली, “पुढे गौरी-गणपती आहेत. मी टाके दाखवीन. शिवतील हे.”

आता यात थट्टा नव्हती. मी नोकरीला लागलो तेव्हा दिवसभराची व्हाउचरं संध्याकाळी गठ्ठा करून दाभणाने शिवायची असत आणि शाखेतला सगळ्यांत कनिष्ठ कारकून या नात्याने ती विद्या माझ्याकडे चालून आली होती. नोटांच्या गड्ड्यांना त्या वेळी पिना मारत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने त्या बंद केल्या, पण तोवर माझ्या अंगठ्याला टोचून घेण्याची चांगली सवय झाली होती. एवढ्या अनुभवाच्या जोरावर माझी मोज्यावर नेमणूक झाली.

शिवायचं तर आपण शिवतो आहोत ते मुळात काय, हे आधी कळायला हवं, असं मी जाहीर केलं आणि वाचायला बसलो. (काम पुढे ढकलायचा इतका प्रतिष्ठित मार्ग दुसरा नाही.) आणि पहिल्याच पानाला उडालो. कारण या मोज्याचं मूळ निघालं हुंड्यात!

चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे एक बिशप होते. हे गाव आज तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर येतं आणि त्याला देमरे म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की, तिथल्या एका बुडालेल्या गृहस्थाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नाही, म्हणून लग्नं होत नाहीत. आणि लग्नं झाली नाहीत तर मुलींना नको त्या बाजारात उभं राहावं लागणार. निकोलसला वाडवडिलांचा पैसा मिळालेला होता. त्याने रात्री जाऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. थोरलीचं लग्न झालं. दुसरी थैली पडली, मधलीचं झालं. तिसऱ्या वेळी मात्र बाप जागत बसला होता. त्याने धावत जाऊन निकोलसला पकडलं आणि पाय धरले. निकोलस म्हणाला, कुणाला सांगू नकोस. बापाने अर्थातच सगळ्यांना सांगितलं, नाहीतर ती गोष्ट कराडपर्यंत कशी आली असती?

बँकेच्या दृष्टीने पाहिलं तर हा व्यवहार अत्यंत आक्षेपार्ह आहे. ठेवीदार निनावी, वेळ कामकाजाची नव्हे, पावती नाही, केवायसी नाही. आमच्या शाखेत असं सोनं येऊन पडलं असतं तर लग्न राहिलं बाजूला, संशयास्पद व्यवहार म्हणून वर कळवावं लागलं असतं.

पण या गोष्टीत मोजा कुठे आहे? सुरुवातीला नाहीच. जुन्या कथेत सोनं खिडकीतूनच पडतं. जेन्टिले दा फाब्रियानो नावाच्या इटालियन चित्रकाराने १४२५ साली हा प्रसंग रंगवला. ते चित्र व्हॅटिकनच्या संग्रहात आहे, आणि त्यातही निकोलस खिडकीशीच उभा आहे. पुढे सांगणाऱ्यांनी खिडकीऐवजी धुराडं आणलं. थंडीच्या मुलखात धुराड्याखाली विस्तव आला, विस्तवाजवळ धुऊन वाळत घातलेले मुलींचे मोजे आले. तेव्हा वरून टाकलेलं सोनं थेट मोज्यात पडलं. आपल्याकडे ही गोष्ट घडली असती तर सोनं दांडीवरच्या धोतरात अडकलं असतं आणि आज आपण दसऱ्याला धोतरं टांगली असती.

चित्रकारांनी या तीन थैल्यांचे तीन सोन्याचे गोळे केले. युरोपातल्या गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढ्यांवर तीन सोनेरी गोळ्यांची पाटी असते आणि त्या सावकारांचा पाठीराखा संतही हाच निकोलस. हे वाचलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. कारण गेली चार वर्षं मी शाखेत सोनेतारणाच्या टेबलावर आहे! इतकी वर्षं आपण ज्याच्या खात्यात नोकरी करतो आहोत तो देव आपल्याला ठाऊकच नव्हता. पण हा संत एकट्या सावकारांचा नव्हे. तो दर्यावर्द्यांचा आहे, व्यापाऱ्यांचा आहे, मुलांचा आहे आणि पस्तावलेल्या चोरांचाही आहे. १०८७ साली इटलीतल्या बारी गावच्या खलाशांनी मायऱ्याहून त्याच्या अस्थीच उचलून नेल्या. त्या अजून बारीलाच आहेत. म्हणजे हे चोर काही पस्तावले नसावेत.

निकोलसचा दिवस ६ डिसेंबरचा. हॉलंडात आदल्या रात्री पोरं चुलीपाशी आपला जोडा ठेवतात, त्यात त्याच्या घोड्यासाठी गवत नाहीतर गाजर घालतात आणि सकाळी त्यात खाऊ मिळतो. हे मला पटलं. आधी वाहनाचा खर्च द्यायचा, मग काम. याच डच लोकांनी अमेरिकेत न्यू अॅमस्टरडॅम वसवलं. १६६४ साली ते इंग्रजांनी घेऊन त्याचं न्यूयॉर्क केलं. तरी जुन्या डच घराण्यांबद्दल बोलायची हौस त्या शहरात टिकून होती. वॉशिंग्टन आयर्विंग या विनोदी लेखकाने १८०९ साली न्यूयॉर्कचा एक थट्टेखोर इतिहास लिहिला आणि त्यात हा संत जागोजागी आणून बसवला. पुढच्याच वर्षी जॉन पिंटार्ड यांनी तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीच्या ६ डिसेंबरच्या जेवणासाठी एक चित्र छापून घेतलं. त्यात एका बाजूला संत निकोलस आणि दुसऱ्या बाजूला शेकोटी, तिला टांगलेले दोन मोजे. एकात खेळणी, दुसऱ्यात छड्या! खेळणीवाली मुलगी हसते आहे, छडीवाला मुलगा रडतो आहे. अमेरिकेतल्या टांगलेल्या मोज्याचं हे फार जुनं चित्र. बक्षीस आणि मेमो एकाच खिळ्याला टांगायची ही पद्धत आमच्या हेड ऑफिसने कुठून घेतली असेल, ते त्या दिवशी कळलं.

मग २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता आली. तिने संताला ६ डिसेंबरवरून उचलून नाताळच्या आदल्या रात्रीवर आणलं, घोडा काढून आठ रेनडिअरांची गाडी दिली, धुराड्यातून खाली उतरवलं आणि मोजे भरायला लावले. क्लेमेंट मूर या प्राध्यापकांनी वीसेक वर्षांनी ती आपल्या संग्रहात घेतली. ती त्यांची नव्हेच असं म्हणणारेही आहेत. पुढे १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने या बिशपला गोलमटोल म्हातारा करून टाकलं. नवव्या, लाल नाकाच्या रेनडिअराची भर तर १९३९ साली पडली. ती शिकागोच्या एका मोठ्या दुकानाने गिऱ्हाइकांच्या पोरांना फुकट वाटायला काढलेल्या पुस्तिकेत. हे नाक पुढे आमच्या घरात काय करणार आहे, याची वाचताना मला कल्पना नव्हती.

या सगळ्या काळात मोजा मात्र साधा होता. पायातला. रात्री काढायचा, टांगायचा, सकाळी खाऊ काढून घेऊन परत पायात. शहाणी मुलं आपला न टांगता आजीचा लांब मोजा मागून घेत. आत सुकामेवा, एखादं नाणं आणि पार बोटांपाशी एक संत्रं. हे संत्रं म्हणजे निकोलसच्या सोन्याच्या गोळ्याची आठवण, असं सांगतात. नागपूरकरांना याचं हसू येईल. पण बर्फाच्या मुलखात ऐन डिसेंबरात संत्रं म्हणजे खरोखरच सोनं होतं.

हा जुना मोजा म्हणजे आमच्या भाषेत बेअरर चेक. ज्याच्या हाती त्याचा. मोज्यावर नाव आलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यात दोन रेघा पडल्या. ‘अकाउंट पेयी’ झाला तो. आता त्यात दुसऱ्याला हात घालता येत नाही. आणि तो पायातही घालता येत नाही, कारण तो फेल्टचा.

फेल्ट म्हणजे काय हे मला ठाऊक नाही, असं मी हिला म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, “रोज त्याच्यावर शिक्का आपटता की!” खरंच की. स्टॅम्पपॅडमध्ये शाई पिऊन बसलेलं असतं ते फेल्टच. काश्मिरी नमदा म्हणतात तोही हाच. याला ताणा नाही, बाणा नाही, माग नाही. लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. लोकर ओली केली, ऊब दिली आणि चोळूनमोळून दाबली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. एकत्र कुटुंबच म्हणा ना. कापडाचा शोध लागण्याच्याही आधी माणसाने हे केलं असावं, असं पुष्कळ जाणकार मानतात. सायबेरियाच्या दक्षिणेला अल्ताईच्या डोंगरात पाझिरिक नावाच्या खोऱ्यात जुनी थडगी सापडली. आत शिरलेलं पाणी गोठून कायमचा बर्फ झाल्यामुळे त्यातलं फेल्ट कुजलं नाही : भिंतीवर टांगायचा अवाढव्य पडदा, आत भरण घातलेले फेल्टचे हंस. जवळच उकोकच्या पठारावर १९९३ साली एका स्त्रीचं थडगं उघडलं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची ती बाई, आणि तिच्या पायांत मांडीपर्यंत येणारे फेल्टचे मोजे! तेव्हा अमेरिकन मंडळींनी फेल्टचा मोजा आपण काढला म्हणून फुशारकी मारायचं कारण नाही. फरक इतकाच, की ती बाई तो घालत होती.

मोज्यासाठी फेल्टच का, याचं उत्तर मला कात्री हातात घेतल्यावर मिळालं. विणलेलं कापड कापलं की कडेचे दोरे सुटतात, दुमडून टीप घालावी लागते. फेल्टला विणच नाही, तर उसवणार काय? टोपी कापा, दाढी कापा, हरणाचं शिंग कापा. कड जशीच्या तशी. म्हणून तर माझ्यासारख्यालाही ते झेपतं. पाकिटातलं फेल्ट आता बहुधा लोकरीचं नसतं, पॉलिएस्टरचं असतं, बारीक सुयांनी टोचून गुंतवलेलं. मेंढीचा संबंध संपला. या पाकिटांचा धंदा अमेरिकेत जुना आहे. बुसिला हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं नाव. न्यूयॉर्कच्या बर्नहार्ड उलमन कंपनीच्या नावातून ते निघालं. अशा मोज्याचं ठरलेलं माप अठरा इंच. इटलीतल्या कारारा गावच्या स्वयंसेवकांनी २०११ च्या जानेवारीत पन्नास मीटरहून लांब मोजा करून विक्रम केला, हे वाचल्यावर मी आमच्या अठरा इंचांकडे जरा कृतज्ञतेने पाहिलं.

कामाची शिस्त मी बँकेची ठेवली. सगळे तुकडे मोजले : शहात्तर. वहीत नोंदले. रोज रात्री जेवणं झाली की बैठक. मी, ही आणि मुलगी. ताई सूचना वाचणार. आई कॉटवरून देखरेख करणार. हिने मला धावता टाका, उलटी टीप, काजाचा टाका आणि गाठीचा टाका शिकवला. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे, हे शिकायला एक आठवडा गेला. टिकली लावायची म्हणजे खालून सुई वर काढायची, टिकलीतून घ्यायची, मग मण्यातून, आणि पुन्हा त्याच टिकलीच्या भोकातून खाली. एका टिकलीला एवढं. बर्फ दाखवायला अशा टिकल्या किती लागतात, ते मी वहीत लिहून ठेवलं होतं आणि नंतर पान फाडून टाकलं.

आईला हा प्रकार पहिल्यांदा पसंत नव्हता. “पायातली वस्तू भिंतीला कसली लावता?” मग नाव घालायचा दिवस आला तेव्हा ती म्हणाली, “हं, नाव घालताय होय. मग बरोबर आहे. नाव घातलं की वस्तू घरी परत येते.” आईचा हिशेब भांड्यांचा. आमच्याकडे प्रत्येक तांब्याच्या गळ्याशी नाव कोरलेलं आहे. पंगतीला भांडी गेली की ओळखून परत यावीत म्हणून. एका डब्यावर तर कुणाचं नाव आहे हे आता आईलाही आठवत नाही, पण तो डबा तिने कुणाला दिलेला नाही.

नाव होतं इरा. तीनच इंग्रजी अक्षरं, त्याबद्दल मी भाच्याला मनोमन धन्यवाद दिले. पण ताईने सांगितलं की तिकडे हे पुरुषाचं नाव आहे आणि विहीणबाई प्रथम जरा गडबडल्या होत्या. शिवाय हीच तीन अक्षरं सुटी म्हटली की तिकडे एका बचत खात्याचं नाव होतं. म्हातारपणासाठी पैसे साठवायचं खातं, १९७४ च्या कायद्याने सुरू झालेलं. पाच महिन्यांच्या मुलीच्या मोज्यावर मी निवृत्तीच्या खात्याचं नाव शिवत होतो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकं काळजीपूर्वक खातं मी कुणाचं उघडलेलं नाही.

त्या बैठकांत ताईने एकदा सांगितलं, “त्यांच्या फळीवर अकरा मोजे असतात. माणसं दहा आहेत.”

“डिफरन्स आहे,” मी म्हणालो.

“विहीणबाईंच्या यजमानांचा आहे तो. ते जाऊन सहा वर्षं झाली. दर वर्षी त्यांचाही टांगतात. त्यात काही घालत नाहीत.” जरा थांबून ती म्हणाली, “आणि थोरल्या मुलाने काडीमोड घेतला ना, त्या सुनेचा मोजा पातळ कागदात गुंडाळून पेटीत ठेवलाय. मी विचारलं, काढून का नाही टाकत? तर म्हणाल्या, तिचाच आहे, मला कसा टाकता येईल?”

आमच्याकडे दोन वर्षं उलाढाल नसली की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. २०१४ पासून तसा नियम आहे. खातेदाराने मागितले तर तेव्हाही परत मिळतात. मी हे सगळं सांगणार होतो. पण त्या वेळी कुणी काही बोलत नव्हतं, म्हणून मी सुईत दोरा ओवत बसलो.

घटस्थापनेला शेवटची जुळणी केली. पंच्याहत्तर. पुन्हा मोजलं. पंच्याहत्तर. ताईचं विमान नऊ दिवसांवर आलेलं आणि हरणाचं लाल नाक गायब! दोष पाकिटाचा नव्हता. वहीत माझ्याच अक्षरात ‘नाक : १, लाल’ अशी नोंद होती. बँकेतल्या माणसाला डिफरन्स म्हणजे काय ते सांगायला नको. रात्री अकरा वाजेपर्यंत सगळं घर ओणवं होऊन नाक शोधत होतं. केरसुणीत पाहिलं, गाद्या झाडल्या. आईच्या पातळाला टिकल्या सापडल्या, सात. नाक नाही. गौरींच्या आवराआवरीत ते निर्माल्याबरोबर गेलं असावं, असं हिचं मत पडलं. गावातल्या दुकानांत लाल फेल्ट पाहिलं, ते एकतर गुलाबी होतं नाहीतर भगवं. मुलगी म्हणाली, नाक काळं करूया. ताई म्हणाली, “मग ते कुठलंही हरीण होईल रे.” आणि तिचे डोळे भरून आले. नाकाला नव्हे, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं.

तेव्हा आई कॉटवरून म्हणाली, “पेटीत बघा.”

आम्हाला वाटलं, लाकडी पेटी. आई म्हणत होती ती अण्णांची पेटी. हार्मोनियम. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. ताई या पेटीवर सा लावायला शिकली, आता आमची मुलगी शिकते. मी वरची फळी काढली. पट्ट्यांच्या पुढच्या टोकाखाली, पट्टी खाली आपटून आवाज होऊ नये म्हणून, लाल फेल्टची पट्टी असते. अण्णांनी मिरजेहून करून आणलेल्या या पेटीत ती खरी लोकरीची होती. बोटांच्या जागी दबलेली, जरा विटलेली, पण लाल. एका कडेच्या पट्टीखालून ताईने स्वतः कात्रीने चणाडाळीएवढा गोल कापला. नीट गोल आला नाही. आणि मग जिला बटण लावता येत नाही, तिने ते नाक आपल्या हाताने शिवलं. चार टाके, चारही वाकडे. मी ते उसवू दिले नाहीत.

२५ डिसेंबरला आमच्याकडे दुपार झाली तेव्हा ताईने फोटो पाठवला. फळीवरचे मोजे मी मोजले. बारा. शेवटून दुसरा आमचा. खाली ताईने लिहिलं होतं : विहीणबाईंनी मोजा हातात घेतल्याबरोबर उलटा करून आतली बाजू पाहिली (शिवणाऱ्या बायका सगळीकडे सारख्याच!), मान हलवली, मग चष्मा चढवून नाकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे पाकिटातलं नव्हे. ताईने सगळं सांगितलं. विहीणबाईंची एक वही आहे. कुठला मोजा कुणासाठी, कुठल्या साली, याची त्यात नोंद असते. ती वही मागवून त्यांनी ताईला अण्णांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं आणि इराच्या पानावर, आपल्या वाकड्या बोटांनी, नाक कुणाच्या पेटीतलं ते लिहून घेतलं.

नोंद चोख आहे. एवढंच, की तेव्हापासून आमची मुलगी वरच्या सप्तकात गेली की डाव्या हाताने भाता मारता मारता थांबते. कडेच्या त्या पट्टीखाली फेल्ट नाही, त्यामुळे सुरासोबत ‘टक्‌’ असा आवाज येतो. एकदा मिरजेला नेऊन पट्टी बदलून आणायची आहे. ही रोज आठवण करते, आणि मी रोज, या महिन्यात शाखेत फार काम आहे म्हणून सांगतो.